मुलाला अडू द्या

गेल्या दोन-तीन वर्षांत शाळा-कॉलेजांतले गृहपाठ एकाएकी सुधारले आहेत. निबंधात ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही. प्रकल्पवहीत खाडाखोड नाही. प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष सगळं जागच्या जागी, आणि वर्गातल्या निम्म्या वह्यांत निष्कर्षही तेच. प्रश्नपत्रिका एआयकडून काढून घेणारे शिक्षक आहेत, उत्तरं एआयकडून लिहून घेणारे विद्यार्थी आहेत, आणि उद्या तपासायलाही एआयच बसेल म्हणून खूश असलेले संस्थाचालक आहेत. या फेऱ्यात शिकलं कोण, हे मात्र कोणी सांगत नाही.

चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ते नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण खात्याने शाळांच्या संगणकांवर त्याला बंदी घातली आणि मे महिन्यात ती मागेही घेतली. तेव्हापासून दोनच घोषणा कानावर येतात. एक, ‘बंद करा’. दुसरी, ‘प्रत्येक वर्गात आणा’. दोन्ही बाजूंनी घसा ताणणाऱ्यांना मला एकच विचारायचं आहे. मूल शिकतं तेव्हा नेमकं काय घडतं, याचा विचार कधी केलात का? तो केल्याशिवाय बंदीलाही अर्थ नाही आणि खरेदीलाही.

माझं म्हणणं सरळ आहे. शिकणं अडण्यापासून सुरू होतं. मुलाला अडूच न देणारं साधन कितीही हुशार असलं तरी ते शिकवत नाही. आणि अडलेल्या मुलाला कधी हात द्यायचा, कधी थांबायचं, हे ठरवणारं जबाबदार माणूस वर्गात असलंच पाहिजे.

चार, तीन, ‘माहीत नाही’

प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात सॉक्रेटिस मेनोच्या घरातल्या एका गुलाम पोराला पुढे बोलावतो. पोराला भूमिती कोणी शिकवलेली नाही. सॉक्रेटिस चौरस काढतो. बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार. मग विचारतो, याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर बाजू केवढी घ्यायची? पोरगा विचार न करता सांगतो, दुप्पट, म्हणजे चार. काढून पाहतात तर क्षेत्रफळ भरतं सोळा. बरं मग, तीन. मोजतात तर नऊ. आता पोरगा गप्प होतो आणि कबूल करतो की आपल्याला माहीत नाही.

इथे सॉक्रेटिस मेनोकडे वळून सांगतो की हा पोरगा आता आधीपेक्षा पुढे गेला आहे. आधी त्याला येत नव्हतं, पण येतं असं वाटत होतं. आता येत नाही हे त्याला कळलं आहे, त्यामुळे तो शोधायला लागेल. त्यानंतरच आकृतीत कर्ण येतो, आणि कर्णावर उभा केलेला चौरस बरोबर आठ भरतो.

सॉक्रेटिसचे प्रश्न पोराला उत्तराकडे ढकलत नेतात हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. पण क्रम बघा. आधी चार, मग तीन, मग ‘माहीत नाही’, आणि मग कर्ण. पहिल्याच चुकीला कर्ण सांगून टाकला असता तर पोराच्या हाती उत्तर पडलं असतं, ते उत्तर का आहे हे पडलं नसतं. हाच प्रश्न आज फोनवर टाका. क्षणात कर्ण, सूत्र, आकृती, सिद्धता सगळं हजर. मधले चार आणि तीन गायब. ‘माहीत नाही’ म्हणायची तर वेळच येत नाही. शिक्षणाची नासाडी होते ती इथे, या गाळलेल्या जागेत.

सरावात वाघ

हे नुसतं तत्त्वज्ञान आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी तुर्कस्तानचं उदाहरण. तिथल्या एका शाळेतल्या सुमारे हजार विद्यार्थ्यांवर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गणिताचा प्रयोग केला. तो २०२५ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला. मुलांचे तीन गट होते. एकाकडे फक्त वही-पुस्तक. दुसऱ्याकडे चॅटजीपीटीसारखा साधा एआय, विचारलं की उत्तर देणारा. तिसऱ्याकडे शिक्षकांच्या मदतीने बांधलेला एआय, जो उत्तर न देता फक्त दिशा दाखवायचा.

सराव करताना साध्या एआयवाल्यांचे गुण वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी वाढले. दिशा दाखवणाऱ्या एआयवाल्यांचे १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. साध्या एआयवर सराव केलेली मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाचं नुकसान बहुतांशी टळलं, पण सरावातली ती घसघशीत वाढ परीक्षेत त्यांनाही कामी आली नाही. ते वही-पुस्तकवाल्यांच्या जवळपास राहिले.

मला सगळ्यात काळजी वाटली ती आणखी एका नोंदीची. जी मुलं मागे पडली होती, त्यांना आपण कमी शिकलो असं वाटतच नव्हतं. सॉक्रेटिसचा पोरगा निदान ‘माहीत नाही’ या पायरीपर्यंत पोचला होता. ही मुलं त्याच्या आधीच्या पायरीवर थांबली आणि खुशीत राहिली. दहावीच्या वर्षी हे होत असेल तर पालकांना ते निकालाच्या दिवशी कळेल. तोवर वह्या चकाचक, सराव चाचण्या झकास आणि घरात समाधान.

यंत्राला मुभा, मुलाला नाही

हा एआय स्वतः कसा शिकला ते एकदा समजून घ्या. त्याला वाक्याचा एक तुकडा देतात आणि पुढचा शब्द ओळखायला लावतात. तो अंदाज करतो. अंदाज चुकतो. किती चुकला ते मोजतात आणि त्या मापाने त्याच्या आतले आकडे किंचित हलवतात. मग पुढचा तुकडा, पुढचा अंदाज, पुढची चूक. मोजदाद करता येणार नाही इतक्या वेळा. आधी प्रयत्न, मग चूक, मग दुरुस्ती, हा क्रम एकदाही मोडला जात नाही.

गणितज्ञ अॅलन ट्युरिंगने १९५० मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात यंत्रं विचार करू शकतील का, यावर निबंध लिहिला. लोकांना त्यातला, यंत्र माणूस म्हणून खपतं का हे पाहणारा नकलेचा खेळ आठवतो. निबंधाचा शेवटचा भाग मात्र शिक्षणावर आहे. प्रौढ माणसाची बुद्धी थेट बनवण्यापेक्षा लहान मुलासारखं यंत्र बनवावं आणि त्याला शिकवावं, असं ट्युरिंगने सुचवलं होतं.

पुढच्या पिढ्यांनी ते मनावर घेतलं. यंत्राला चुकायला अमाप वेळ दिला, वीज दिली, पैसा दिला. आणि तिसरीतलं पोर भागाकारात दहा मिनिटं अडकलं की आपला धीर सुटतो. ‘लवकर कर, क्लासला जायचंय.’ पुढे केला फोन, झालं. यंत्राच्या चुकीसाठी ज्या समाजाकडे एवढा संयम आहे त्याच्याकडे स्वतःच्या मुलाच्या चुकीसाठी दहा मिनिटं नसावीत, याचा मला राग येतो. तो यायलाच हवा.

‘लिहिण्यालाही विरोध झालाच होता’

एआयवर शंका घेतली की हे वाक्य ठरलेलं. प्लेटोने लिपीला नावं ठेवली, नंतर कोणी कॅल्क्युलेटरला ठेवली, जग पुढे गेलंच ना?

‘फीड्रस’ या संवादातली गोष्ट नीट वाचली तर हे उत्तर पुरत नाही. तिथे थ्यूथ हा देव इजिप्तच्या थामूस राजापुढे लिपीची महती गातो. राजा म्हणतो, याने लोकांची स्मरणशक्ती ढिली पडेल आणि शहाणपणाऐवजी शहाणपणाचा आभास वाढेल. पुढे सॉक्रेटिस आणखी दोन मुद्दे मांडतो. लिहिलेल्या शब्दाला काही विचारलं तर तो तेच ते सांगत राहतो. आणि आपण कोणाशी बोलतो आहोत, कोणाशी बोलू नये, हे त्याला कळत नाही.

आता मोजून बघा. प्रश्नाला उत्तर देण्याची अडचण एआयने दूर केली, हे खुल्या मनाने मान्य करू. विस्मरणाची भीती पुस्तकांच्या बाबतीत तितकीशी खरी ठरली नाही, हेही मान्य. पण पुस्तक वाचणाऱ्याला निदान वाचावं लागतं, अर्थ लावावा लागतो. ते कष्ट चुकवता येत नाहीत. शहाणपणाच्या आभासाची राजाची भीती मात्र तुर्कस्तानच्या त्या वर्गात आकड्यांनिशी उभी आहे. आणि समोर कोण बसलं आहे, त्याला आत्ता काय सांगावं आणि काय सांगू नये, हा प्रश्न तर आहे तिथेच आहे. जुना आक्षेप जुना आहे म्हणून खोटा ठरत नाही.

विषय न येणारा मास्तर

१८१८ मध्ये जोसेफ जाकोतो नावाचा फ्रेंच प्राध्यापक आजच्या बेल्जियममधल्या लूव्हाँच्या विद्यापीठात शिकवायला आला. त्याच्या अनेक विद्यार्थ्यांना फ्रेंच येत नव्हतं आणि त्याला त्यांची फ्लेमिश येत नव्हती. त्याने ‘तेलेमाक’ या कादंबरीची दोन भाषांतली आवृत्ती त्यांच्या हाती दिली आणि दुभाष्यामार्फत निरोप दिला की भाषांतराच्या आधाराने फ्रेंच मजकूर शिका. काही काळाने वाचलेल्यावर फ्रेंचमध्ये लिहायला सांगितलं. त्यांनी जे लिहिलं ते पाहून तो चकित झाला. त्याने त्यांना काहीच समजावून सांगितलं नव्हतं.

जाक राँसिएर या तत्त्वज्ञाने १९८७ मध्ये या प्रसंगावर पुस्तक लिहिलं आणि त्यातून एक बोचरा विचार पुढे आणला. मास्तराचं काम ज्ञान ओतण्याचं नाही. मुलाने स्वतःची बुद्धी लावली की नाही, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवण्याचं आहे. काय दिसतं तुला? त्याबद्दल काय वाटतं? त्याचं काय करशील? हे विचारत राहायला विषय यावाच लागतो असं नाही.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. घरात पहिल्यांदाच शाळेत जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची मुलं अक्षरओळख नसलेल्या आयांनी शिकवली. ‘वाच मोठ्याने, मला ऐकू दे’ असं म्हणत आई भाकऱ्या थापत असायची. वाचलेलं बरोबर की चूक, तिला कळत नव्हतं. पोरगं थांबलं, टाळाटाळ करायला लागलं, हे मात्र पाठमोरी असूनही कळायचं. जाकोतोला येत नव्हतं पण तो मागत होता. त्या माउलीला येत नव्हतं पण ती मागत होती. आजच्या यंत्राला सगळं येतं आणि ते मुलाकडे काहीच मागत नाही.

बावन्न वजा सत्तावीस

दुसरीतल्या मुलाची वही उघडा. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत. मुलाने उत्तर लिहिलं आहे पस्तीस. घाईतला माणूस त्यावर लाल फुली मारून पुढे जाईल. चांगल्या बाई खाली बसतात आणि विचारतात, ‘कसं केलंस रे?’ मूल सांगतं, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ ‘अरे, पण वर दोन आहेत ना?’ ‘तुम्हीच सांगितलं होतं बाई, मोठ्यातून लहान वजा करायचं.’

मुलाने नियम पाळला आहे, आणि तो नियम बाईंनीच दिला होता. तो कुठे लागू होतो एवढंच कळलेलं नाही. आता बाईंना दशक सुटा करून दाखवावा लागेल. काड्यांचा गठ्ठा सोडावा लागेल.

इथे यंत्राला कमी लेखायचं मला कारण नाही. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी ‘बगी’ नावाच्या संगणकीय आज्ञावलीवर काम प्रसिद्ध केलं. वजाबाकीतल्या मुलांच्या चुका ठरावीक साच्यांतून येतात, हे त्यांनी दाखवलं, आणि मोठ्यातून लहान वजा करण्याची ही चूक त्या साच्यांपैकी एक. म्हणजे चूक ओळखण्याचं काम यंत्राला फार पूर्वीपासून जमतं. शिक्षकाची बाजू मांडायला ‘यंत्राला चूक कळत नाही’ असं खोटं बोलण्याची गरज नाही.

मग उरतं काय? ते मूल बीडच्या ऊसतोड कुटुंबातलं असेल, दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर गेलं असेल आणि वर्गात हातच्याची वजाबाकी झाली तेव्हा ते तिथे नसेलच. बाईंना हे ठाऊक असतं. गावी परतल्यावर त्याला पहिल्या बाकावर बसवायचं की आठवडाभर नुसतं रुळू द्यायचं, हे त्या ठरवतात. त्यांचं चुकलं तर आई शाळेच्या दारात येऊन जाब विचारू शकते. हॅना आरेंट या विचारवंत बाईंनी १९५० च्या दशकात शिक्षणावर लिहिताना नेमकी हीच नस पकडली होती. शिक्षकाचा अधिकार त्याच्या माहितीतून येत नाही, तो या जगाची जबाबदारी अंगावर घेऊन मुलापुढे उभा राहतो त्यातून येतो. यंत्र चूक शोधून देईल. मुलाचं काय झालं याचा जाब द्यायला ते उभं राहणार नाही, आणि ते बनवणारी कंपनी तर त्याहून नाही.

खोलीतला माणूस आणि आपले क्लासेस

१९८० मध्ये तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी एक कल्पना मांडली. बंद खोलीत एक माणूस बसला आहे. त्याला चिनी भाषा येत नाही. दारातून चिनी अक्षरांच्या चिठ्ठ्या आत येतात. त्याच्याकडे नियमांचं जाडजूड पुस्तक आहे. अमुक आकार आला की तमुक आकार बाहेर द्यायचा. बाहेरच्यांना वाटतं, आत चिनी भाषेचा जाणकार आहे. त्याला मात्र एका अक्षराचाही अर्थ कळत नाही. संगणकाचं आकलन असंच पोकळ आहे, असं सर्ल यांना दाखवायचं होतं. त्यावर तत्त्वज्ञांत आजही वाद चालू आहे.

आपल्याला त्यातून वेगळंच काहीतरी दिसायला हवं. अशा खोल्या आपण गावोगाव बांधून ठेवल्या आहेत. अपेक्षित प्रश्न, ठरावीक उत्तरं, ‘थोडक्यात कारणे द्या’ची पाठ केलेली कारणं. प्रश्नाचा आकार ओळखायचा आणि जुळणारं उत्तर बाहेर द्यायचं. अर्थ कळला की नाही, हे विचारायला वेळ नाही. यात जो पटाईत तो हुशार.

म्हणून एआय आपल्या परीक्षा सहज पास होतो याचं कौतुकही नको आणि भीतीही नको. जे काम आपण मुलांकडून करून घेत होतो ते यंत्राचंच काम होतं, एवढं सिद्ध झालं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? समजून घेण्याला ज्या वर्गात जागाच नव्हती, तिथून समज हिरावून नेण्याचा आरोप एआयवर करता येणार नाही. तो आरोप आपल्यावर आहे.

एक बाक

बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये मांडलं की एकास एक शिकवणी मिळालेली मुलं नेहमीच्या वर्गातल्या मुलांच्या फार पुढे जातात. इतकी, की शिकवणीतलं सरासरी मूल वर्गातल्या वरच्या दोन टक्क्यांत बसेल. पुढे इतका मोठा फरक इतरांना सहसा सापडला नाही, पण एआय विकणाऱ्यांच्या हाती घोषवाक्य लागलं : प्रत्येक मुलाला स्वतःचा शिक्षक.

ऐकायला गोड आहे. पण हा स्वतःचा शिक्षक नेमका कोणाच्या वाट्याला येणार? पैसेवाल्यांच्या मुलांना हाडामांसाचे चांगले शिक्षक मिळतच राहतील आणि जोडीला यंत्रही मिळेल. ज्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामी आहे तिथे मात्र ‘पडदा दिला ना’ म्हणून फाइल बंद होईल. मेळघाटात पहिलीत आलेल्या मुलाची घरची भाषा कोरकू असते. इंटरनेटवर कोरकूतला मजकूर नसल्यातच जमा, त्यामुळे यंत्राला ती यथातथाच कळणार. तिथे चार शब्द कोरकूचे शिकून घेतलेले गुरुजीच कामाला येतात. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरताना हेच मागितलं होतं. शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पगार धड असावा, आणि ते कष्टकऱ्यांत मिसळणारे, त्यांच्या गरजा ओळखणारे असावेत. एआयच्या प्रत्येक योजनेला ही कसोटी लावा.

याहून खोल मुद्दा वर्गाचा आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचं ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ हे पुस्तक १९१६ मध्ये आलं. त्या सुमारास कोलंबिया विद्यापीठात त्यांच्या वर्गात बसलेल्यांपैकी एक होते भीमराव आंबेडकर. लोकशाही म्हणजे सरकारचा प्रकार एवढंच नव्हे, ती एकत्र जगण्याची आणि अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचं विध्वंसन’मध्ये स्वतःचा केला. साताऱ्याच्या शाळेत ज्यांना कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसवलं गेलं, त्यांना एकत्र बसण्याची किंमत कोणी शिकवायची गरज नव्हती.

वर्गात एक मूल अडतं तेव्हा बाकीची ते बघत असतात. कोणाला वाटतं, मलाही हेच कळलं नव्हतं. कोणी उठून स्वतःच्या शब्दांत सांगतो. वेगळ्या घरातली, वेगळ्या जातीची, वेगळ्या बोलीची पोरं एकाच गणितावर डोकं खाजवतात. प्रत्येकाला वेगळा पडदा दिला की प्रत्येकाचं अडणं खाजगी होतं. गुण कदाचित वाढतील. पण एका बाकावर बसण्याचा जो हक्क या मातीत भांडून मिळवला, तो सोयीच्या नावाखाली हातचा जाईल. ही किंमत मला मान्य नाही.

चोर-पोलीस

कॉलेजांनी आता दुसरा उद्योग काढला आहे. मजकूर एआयने लिहिला की माणसाने, हे ओळखणारी यंत्रं. ओपनएआय या चॅटजीपीटीच्याच कंपनीने असं ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले इंग्रजी निबंध या यंत्रांनी सरासरी निम्म्याहून अधिक वेळा एआयचे ठरवले.

मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या मुलीचा यात बळी जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तिची वाक्यं साधी, शब्द मोजके, म्हणून ती संशयित. तिला समोर बसवून पाच मिनिटं बोलतं करा. हे वाक्य का लिहिलंस? याच्या उलट कोणी म्हणालं तर काय सांगशील? खरं-खोटं तिथेच कळेल आणि ती काहीतरी शिकूनही जाईल. तोंडी परीक्षेला वेळ लागतो, माणसं लागतात, हे खरं. शिक्षणाला वेळ आणि माणसं लागतातच.

मग यंत्राला काम काय?

भरपूर आहे. ज्या मुलाला दिसत नाही त्याला पुस्तक वाचून दाखवू दे. एका वर्गात पाच पातळ्यांची मुलं असतील तर प्रत्येक पातळीची वीस-वीस उदाहरणं शिक्षकाला काढून देऊ दे. संगणकतज्ज्ञ सीमोर पॅपर्ट यांनी १९८० मध्येच सांगितलं होतं की संगणकाने मुलाला चालवू नये, मुलाने संगणकाला चालवावं. त्या वाटेने मोठ्या मुलांना एआयच्या चुका शोधायला लावा. गावच्या इतिहासावर त्याने लिहिलेलं पान घेऊन पोरांना आजी-आजोबांकडे, ग्रामपंचायतीत, जुन्या देवळात पाठवा आणि काय खोटं निघतं ते लिहून आणायला सांगा.

आणि सगळ्यात आधी, गुरुजींच्या मानेवरचं कारकुनीचं जोखड यंत्राने उचलावं. ‘आज दुपारी बारापर्यंत माहिती भरा’ हा निरोप व्हॉट्सअॅपवर आला की फळ्यावरचं गणित अर्धं राहतं. पोर्टलवर पोर्टल, तक्त्यावर तक्ते, तीच माहिती चार ठिकाणी. एआय खरोखर हुशार असेल तर ती हुशारी इथे दाखवावी. मुलाच्या जागी विचार करायला नेमण्यापेक्षा शिक्षकाच्या जागी तक्ते भरायला नेमा. त्याने मोकळा झालेला प्रत्येक तास वर्गात परत येईल.

पालकांना माझं सांगणं एवढंच. मुलाने स्वतः झटापट केल्याचा कागद दाखवल्याशिवाय घरात एआय उघडू देऊ नका. युनेस्कोने २०२३ मध्ये वर्गातल्या वापरासाठी तेरा वर्षांखालची मुलं वगळण्याची सूचना केली आहे, ती गांभीर्याने घ्या. शिक्षकांनो, खाडाखोडीची वही स्वच्छ वहीपेक्षा वरची माना आणि तसे गुण द्या. पहिल्या कच्च्या मसुद्याला गुण, दुरुस्तीला गुण, ‘इथे मला कळलं नाही’ असं नेमकं लिहिणाऱ्याला गुण. मुलं जिथे गुण तिथे जातात, हे आपणच त्यांना शिकवलं आहे.

आणि शिक्षण खात्याला, संस्थाचालकांना, मोठ्या रकमांच्या खरेदीवर सह्या करणाऱ्यांना जाहीर प्रश्न. तुमचं यंत्र अडलेल्या मुलाला उत्तर देण्याआधी किती थांबतं? ते कधी थांबावं हे वर्गातला शिक्षक ठरवणार की कंपनी? यंत्र काढून घेतल्यावर मुलाला काय येतं, हे तुम्ही तपासलं आहे का? आणि मूल मागे पडलं तर आईने कोणाच्या दारात जायचं? या चार प्रश्नांची लेखी उत्तरं पालकसभेत वाचून दाखवा. ज्यांना ती देता येणार नाहीत त्यांनी निविदा काढू नये. आणि तरीही काढली, तर पालकांनी ती सभेतच अडवावी.